मनीची बोली

आपल्या हिंगोलीकडे शेतातल्या आखाड्यावर धान्याची पोती असतात. पोत्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर! तिचे ‘म्याव’ तुम्ही रोज ऐकता. पण त्यातून ती काय सांगते, याचा कधी विचार केलात का?

‘म्याव’ हा शब्द सावकाश उच्चारून पाहा. मिटलेले ओठ उघडतात आणि पुन्हा मिटू लागतात. मनीचेही तसेच होते. मिल्ड्रेड मोएल्क या संशोधिकेने १९४४ साली मांजराच्या आवाजांचे तीन गट केले, ते तोंडाच्या स्थितीवरूनच.

पहिला गट तोंड मिटून काढलेल्या आवाजांचा. घुरघुर त्यातलीच. मनीच्या गळ्याला हलकेच हात लावा, कंप जाणवेल. सेकंदाला साधारण २५ ते ३० कंपने! श्वास आत घेतानाही ती चालूच राहते. एवढ्याशा प्राण्याचा आवाज इतक्या खर्जात कसा? मांजराच्या स्वरतंतूंत गादीसारखा जाड भाग असतो. त्यामुळे ते मंद गतीने कंप पावत असावेत, असे २०२३ साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी दाखवले. सतारीची जाड तार खर्जात वाजते, तसेच हे.

दुसरा गट ‘म्याव’चा. पिल्लू आईला अशी हाक मारते. मोठी मांजरे मात्र एकमेकांशी क्वचितच ‘म्याव’ करतात. त्यांचे ‘म्याव’ मुख्यतः माणसासाठी असते!

तिसऱ्या गटात तोंड ताणून उघडे असते. फिसकारताना स्वरतंतू कंप पावत नाहीत. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा हा आवाज होतो. अर्थ एकच : ‘दूर राहा!’ अशा वेळी पिल्लांनाही हात लावू नका. मांजर चावले किंवा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि लगेच दवाखान्यात जा. रेबीजचा धोका असतो.

आता माझी एक चूक सांगतो. आमची मनी दोन दिवस कोपऱ्यात घुरघुरत बसली होती. मला वाटले, मजेत आहे. पण तिने दूधही सोडले होते. उचलून पाहिले, तर पाय सुजलेला! मांजर वेदनेतही घुरघुरते, हे मला तेव्हा कळले. प्रयोगशाळेत आपण एकाच वाचनावर निष्कर्ष काढत नाही, इथेही तसेच. आवाजाबरोबर कान, शेपूट, चाल आणि खाणेही पाहावे.

एका वहीत आठवडाभर नोंदी ठेवा : वेळ, आवाज आणि त्यानंतर मनीने काय केले. तिची बोली तुम्हाला हळूहळू उमगू लागेल.