'यांना आवडत नाही!'

डोके दुखते, छातीत धडधडते, झोप लागत नाही. नांदेड-लातूरकडच्या कित्येक भगिनी या तक्रारी घेऊन येतात. मी विचारतो, "ताई, जेवायला काय आवडतं?" उत्तर येते, "डॉक्टरसाहेब, यांना अंबाडीची भाजी चालत नाही." "आणि तुम्हाला?" यावर बराच वेळ काही उत्तर येत नाही.

सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० साली आले. पु. लं.सारख्या लोकप्रिय माणसाच्या संसारात पत्नी म्हणून आपण स्वतः किती उरलो, याचा हिशेब त्यांनी मोकळेपणाने मांडला. काहींना ते रुचले नाही. मला ते अचूक रोगनिदान वाटले.

जोडीदाराचे मन राखणे हा काही आजार नव्हे. पण मत सांगायची भीती वाटू लागली, मैत्रिणी तुटल्या, माहेरी जाणेही त्याच्या मर्जीवर आले, तर सावध व्हावे. मन सतत धास्तीत असले की झोप, पचन, पाळी बिघडू शकते. पुरुषांचेही असे होते. ते फक्त 'ॲसिडिटी' सांगतात!

मात्र सगळे 'मनाचे' म्हणून सोडू नये. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन आधी पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. थायरॉईडही तपासावे.

आठवड्यातून एक दिवस भाजी आपल्या आवडीची करावी. घरात काय घडते ते पाहावे. कुरबूर होईल, ती होऊ द्यावी. मारहाणीची भीती असेल तर हा प्रयोग नको, १८१ वर फोन करावा. उदासी दोन आठवड्यांवर राहिली तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.