एक घर पुढे

‘बुद्धिबळ कसे सुधारावे?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात मी निदान दहा जणांना विचारला असेल. कोणी म्हणाले, डावाच्या सुरुवातीच्या चाली पाठ कर. कोणी म्हणाले, मोबाईलवर रोज वीस डाव खेळ. मी दोन्ही केले. तरीही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ निवडताना माझा हातातला डाव बरोबरीत सुटला आणि अर्ध्या गुणाने मी संघाबाहेर राहिलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. वडिलांना बुद्धिबळ येत नाही. त्यांनी एवढेच विचारले, “चुकले कुठे?” मला सांगता आले नाही.

खांदेश्वरच्या तलावाकाठी संध्याकाळी काही वडीलधारी मंडळी पट मांडून बसतात. त्यांत मूळचे सांगलीचे एक काका आहेत. सांगलीला बुद्धिबळाची मोठी परंपरा आहे. भाग्यश्री साठे-ठिपसे यांच्यासारख्या खेळाडू तेथूनच पुढे आल्या. मी विचारले, “काका, कोणते पुस्तक वाचू?” ते म्हणाले, “पुस्तकाचे मग बघू. आधी तुझा फसलेला डाव दाखव.”

चाली लिहिलेला कागद दप्तरात तसाच घडी करून पडला होता. तो मी एकदाही उघडला नव्हता! काकांनी शेवटची स्थिती मांडली. माझा पांढरा राजा एफ-४ वर, प्यादे ई-२ वर. काळा राजा एफ-६ वर. चाल माझी. मी घाईने प्यादे दोन घरे पुढे, ई-४ वर नेले. काळा राजा ई-६ वर येऊन वाटेत उभा राहिला आणि डाव बरोबरीत गेला.

“एकच घर चाल,” काका म्हणाले. प्यादे ई-३ वर ठेवले. आता दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, आणि चाल काळ्याची. ज्याच्यावर चाल येते त्याला बाजूला व्हावे लागते. तो ई-६ वर आला, तर आपण ई-४ वर जायचे. तो जी-६ वर गेला, तर आपण ई-५ वर शिरायचे. राजा पुढे, प्यादे मागे. डाव जिंकलेला! काका हसून म्हणाले, “आमच्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालायचे. तू तसा खेळला असतास तरी जिंकला असतास.”

त्या दिवशी मला उमगले, की सल्ला मागण्याआधी आपली चूक समोर ठेवावी लागते. जगज्जेत्या कापाब्लांकाने आपल्या ‘चेस फंडामेंटल्स’ (१९२१) या पुस्तकाची सुरुवातच मोजक्या मोहऱ्यांनी करायच्या साध्या मातीपासून केली आहे. पटावर मोहरी थोडी असली म्हणजे प्रत्येकाचे बळ नीट कळते. आपण मात्र उलट टोकाने शिकू लागतो.

माझ्यासारख्या हौशी खेळाडूंनी तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक महत्त्वाचा डाव लिहून ठेवावा. हरलेला डाव दुसऱ्या दिवशी स्वतः मांडून ‘येथे मी काय विचार केला होता?’ हे समासात लिहावे. संगणकाला नंतर विचारावे. आणि राजा व एक प्यादे विरुद्ध राजा हा शेवट दोन्ही बाजूंनी खेळून पाहावा.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ती माझ्याच वयाची, एकोणीस वर्षांची होती. तिची उंची मी गाठणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण परवा घरी पट मांडून वडिलांना ती तीन मोहरी दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले, मग त्यांनी प्यादे उचलून एकच घर पुढे ठेवले आणि विचारले, “असे?”