चित्रवाचनातून सहकार्याचा पाठ

चाकणच्या कारखान्यांमुळे खेड तालुक्यातील प्राथमिक शाळांत मराठवाड्यातून व उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले गावच्या मुलांशेजारी बसतात. काहींना मराठी येत नाही. चित्र मात्र सर्वांना वाचता येते. म्हणून पहिलीच्या वर्गात सहकार्याचा पाठ चित्रपुस्तकाने आरंभावा.

त्यासाठी पंचतंत्रातील चित्रग्रीव या कपोतराजाची गोष्ट घ्यावी. चार मुलांत एकच पुस्तक द्यावे व मजकूर कागदाने झाकावा. पारध्याचे जाळे घेऊन थवा उडतो, त्या चित्रापाशी थांबावे. एका पक्ष्याने भलतीकडे ओढ घेतली तर जाळ्याचे काय होईल, ते मुलांनी बोटाने दाखवावे. मराठी न येणारे मूलही येथे मागे राहत नाही.

गोष्ट पुष्कळदा येथेच संपविली जाते. ते बरे नव्हे. पुढे हिरण्यक उंदीर पाश तोडू लागतो, तेव्हा चित्रग्रीव त्यास आधी सोबत्यांना सोडवावयास सांगतो. आपली पाळी शेवटी ठेवणे मुलांस किती जड जाते, हे शाळेच्या नळापाशी रोज दिसते. या चित्रावर शिक्षकांनी भाष्य करू नये. राजा अजून जाळ्यात का, एवढेच विचारावे आणि मुलांस आपापल्या भाषेत उत्तर देऊ द्यावे.