पावसाची वही

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्याच्या दक्षिण भागात, न्हावरे हे गाव आहे. शिरूरहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता आणि तळेगाव ढमढेऱ्याहून इनामगावकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस भेटतात. एका बाजूस घोड नदी, दुसऱ्या बाजूस भीमा आणि भीमेपलीकडे दौंड तालुका. दोन नद्यांमधला मुलूख म्हटल्यावर येथे पाण्याला तोटा नसेल, असे कोणासही वाटेल. परंतु तसे नाही. या दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात, आणि नैर्ऋत्येकडून येणारे ढगही तेथेच बहुतेक रिते होतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. शिरूर-दौंडच्या बाजूस तो पाचशेच्या आगेमागे येऊन थांबतो. अशा प्रदेशास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. येथे 'पाऊस कसा आहे?' हा प्रश्न कोणी केवळ बोलणे वाढविण्यासाठी विचारीत नाही.

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारतात ती मात्र निवृत्त झालेली माणसे. या भागातील एखाद्या पारावर सकाळी जमणारी अशी चार माणसे वाचकांनी डोळ्यांपुढे आणावीत. एक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. दुसरे कालव्यावरचे जुने पाटकरी. त्यांना सारे नाना म्हणतात. तिसऱ्या आरोग्यकेंद्रातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्या पारावर बसत नाहीत. समोरच्या आपल्या ओट्यावरून बोलण्यात भाग घेतात. चौथे पोस्टमास्तर. ते आता मुलीकडे पुण्यास राहावयास गेले आहेत. परंतु भ्रमणध्वनीमुळे त्यांची पारावरची जागा अजून गेलेली नाही.

या मंडळींचे बोलणे ऐकले, तर त्यात मोठ्या गोष्टी क्वचितच सापडतील. दूध आणावयास कोण गेले, कोणाच्या अंगणात पाणी साचले, कुरडया वाळल्या की पुन्हा उन्हात घालाव्या लागल्या, असे ते बोलणे असते. गुरुजींनी आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते. आता ते लसूण सोलतात, गहू निवडतात, आणि त्या कामाचे वर्णन एखाद्या मोहिमेसारखे करतात. नर्सबाई परसात दोडका, घेवडा आणि भेंडी लावतात. निवडक बी राखेत घोळून डब्यात ठेवतात व मागेल त्यास चिमूटभर देतात. पोस्टमास्तरांना पक्ष्यांचा नाद. पुण्यातील चौथ्या मजल्यावरच्या सज्जातूनही त्यांना काही ना काही दिसतेच. चातक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतो, हे त्यांनीच पारास सांगितले. यंदाचा पहिला चातक कोणी पाहिला, यावरून त्यांचा व नानांचा दरवर्षी वाद होतो.

गुरुजींचा छंद निराळा. ते पावसाची वही लिहितात.

घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी पर्जन्यमापक बसविला आहे. त्याचे तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच. जवळ भिंत नाही, झाड नाही. कारण आडोसा असला की पाऊस खरा मोजला जात नाही. रोज सकाळी ठीक साडेआठ वाजता ते पाणी मोजतात, कारण भारतातील हवामानखात्याची पावसाची नोंदही याच वेळेस होते. मग वहीत तारीख आणि आकडा. पाऊस नसेल त्या दिवशी ते जागा कोरी सोडीत नाहीत, शून्य लिहितात. "कोरी जागा म्हणजे मी पाहिलेच नाही. शून्य म्हणजे पाहिले, आणि पाऊस नव्हता," असे ते म्हणतात. त्यानंतर 'न्हावरे 14' किंवा 'न्हावरे 0' एवढाच निरोप तिघांच्या भ्रमणध्वनीवर जातो.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे किती, हे नानांना प्रथम पटत नसे. गुरुजींनी फळ्याशिवायच हिशेब मांडला. एक मीटर लांब व एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे राहिले, तर ते एक लिटर भरते. एक गुंठा म्हणजे असे सुमारे एकशे एक चौरस मीटर. म्हणजे गुंठ्यास शंभर लिटरांहून थोडे अधिक, आणि चाळीस गुंठ्यांच्या एकरास चार हजारांहून अधिक लिटर. जन्मभर पाटाचे पाणी वाटणाऱ्या नानांनी हा हिशेब ऐकून आभाळाकडे पाहिले व म्हणाले, "गुरुजी, वरच्याचा पाट आमच्याहून मोठा!"

नानांपाशी वही नाही. परंतु नक्षत्रे आहेत. सूर्य एकेका नक्षत्रात सुमारे साडेतेरा दिवस असतो. मृग 7 किंवा 8 जूनला लागते, आर्द्रा 21-22 जूनला. पुढे पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस. मघांचा पाऊस सासूंचा आणि पूर्वांचा सुनांचा. हस्ताचा पाऊस गडगडत येतो, म्हणून तो हत्तीचा. ही नावे विनोदाची वाटली, तरी त्यांच्या मुळाशी चांगला व्यवहार आहे. चांद्र महिने अधिक मासामुळे मागेपुढे सरकतात. आषाढ एका वर्षी जूनमध्ये लागतो, तर दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये. नक्षत्रे सूर्यावरून मोजलेली असल्याने ती ऋतूंना धरून राहतात. ज्या शेतकऱ्यास लिहिता-वाचता येत नव्हते, त्याच्या हाती हे पेरणीचे उत्तम दिनमान होते. उत्तरा-हस्ताच्या सुमारास ज्वारी पेरावी, स्वातीचा पाऊस रब्बीस मोलाचा, हे त्यातूनच ठरत आले.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहनही दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस पुष्कळ. कोल्हा किंवा मेंढा असेल तर थोडा. येथे मात्र गुरुजी नानांचे ऐकत नाहीत. वाहन गणिताने ठरते, ढग पाहून नव्हे. गुरुजींच्या वहीत म्हशीच्या नक्षत्रात ओळीने शून्ये आहेत आणि मेंढ्याच्या नक्षत्रात ओढे वाहिलेले आहेत. नाना ती पाने पाहतात, हसतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाहन विचारतात.

एका मृगातील गोष्ट. 9 जूनला वहीत 4 लिहिले गेले, 11 जूनला 23. मातीचा वास सुटला. गावात तिफणी बाहेर निघाल्या. नानांचा पुतण्या बाजरीचे बी घेऊन निघाला, तेव्हा नानांनी त्याला हटकले.

"थांब जरा. ओल किती गेली, पाहिलेस का?"

"नाना, शेजाऱ्याची पेरणी निम्मी झाली. घात गेल्यावर पेरू काय?"

नाना उठले. शेतात जाऊन त्यांनी खुरप्याने माती उकरली. चार बोटे ओल, तिच्याखाली कोरडी ढेकळे. गुरुजींनी वही उघडली. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषिखाते सांगत असते. येथे बेरीज सत्तावीसच होती.

"उद्या पाऊस येणारच नाही, असे वही सांगते का?" पुतण्याने विचारले.

"नाही," गुरुजी म्हणाले. "झाले तेवढेच ती सांगते. मागे एकदा तिच्यावरून मी एकाला थांबविले होते, आणि तिसऱ्याच दिवशी धो धो पाऊस झाला. त्याचे दिवस वाया गेले. ते मी विसरलेलो नाही."

पुतण्या चिडला. बी, खत, ट्रॅक्टरचे भाडे त्यालाच भरावयाचे होते. म्हाताऱ्यांना निवृत्तिवेतन मिळते, त्यांना थांबावयास काय जाते, असेही तो पुटपुटला. त्याचे बोलणे अगदी खोटे नव्हते. अखेर त्याने निम्मे शेत पेरले व निम्मे ठेवले.

वहीत त्यानंतर ओळीने सोळा शून्ये आहेत. पेरलेली बाजरी उगवली, दोन पानांवर आली आणि करपली. आर्द्राच्या अखेरीस पाऊस झाला तेव्हा शेताचा एक भाग पहिल्यांदा पेरला गेला आणि दुसरा दुबार. पारावर त्याविषयी कोणी बोलले नाही. नानांनी फक्त पुतण्यास निम्म्या बियाण्याचे पैसे उसने दिले.

नाना एवढे सावध का, हे कळावयास 1972 सालापर्यंत मागे जावे लागते. त्याआधीची वर्षेही ओढीचीच होती. त्या वर्षी महाराष्ट्रातील फार मोठ्या भागात पावसाने पाठ फिरविली. विहिरींचे तळ दिसले. लोक जनावरे विकू लागले. नाना तेव्हा विशीतले. दुष्काळी कामावर ते खडी फोडीत. कामावर सुकडी मिळे, आणि परदेशातून आलेला मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, घरोघर खाल्ली जाई. मागेल त्यास काम देणारी रोजगार हमी योजना याच काळात महाराष्ट्रात उभी राहिली. तिचा कायदा 1977 साली झाला. नाना हे सारे थोडक्यात सांगतात. मिलोच्या भाकरीची चव मात्र ते सविस्तर सांगतात, आणि ती सांगताना तोंड वाकडे करतात.

पावसाची ही चिंता 1972 पेक्षा पुष्कळच जुनी आहे. न्हावऱ्याहून इनामगावकडे रस्ता जातो, तेथे घोड नदीच्या काठी पांढरीच्या टेकाडांवर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. म. के. ढवळीकर हे त्या कामातील प्रमुख. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. ते लोक सातू पिकवीत. पुराचे पाणी वळविण्यासाठी त्यांनी पाट खोदला होता व त्याच्या कडेने बांध घातला होता. त्यांची आधीची घरे चौकोनी व ऐसपैस. शेवटच्या काळातील घरे मात्र लहान, गोल झोपड्या. पाऊस उणावत गेला आणि वस्ती गरीब झाली, असा अर्थ संशोधकांनी त्यावरून काढला. हे ऐकल्यापासून नाना त्या अज्ञात पाट खोदणाऱ्याचा उल्लेख 'आमच्या खात्यातला' असा करतात.

वही नसल्यामुळे त्या लोकांचा पाऊस मातीतून ओळखावा लागतो. आपल्या देशात हवामानखाते स्थापन झाले ते 1875 साली. त्याचे मुख्य कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्या इमारतीस पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. शेती आणि हवामान यांचा संबंध अभ्यासणारी शाखा 1932 मध्ये पुण्यातच निघाली व डॉ. ल. अ. रामदास तिचे प्रमुख झाले. पोस्टमास्तर या इमारतीवरून रोज फिरावयास जातात. "तुमचा आकडा त्यांना कळवू का?" असे ते गुरुजींना थट्टेने विचारतात.

गेल्या श्रावणात एका सकाळी साडेआठ वाजले, नऊ वाजले, तरी न्हावऱ्याचा आकडा आला नाही. रात्री पाऊस झाला होता, हे सर्वांस ठाऊक होते. साडेनऊ वाजता पोस्टमास्तरांनी पुण्याहून नर्सबाईंना विचारले, "बाई, गुरुजींचा निरोप तुम्हांला आला का?" बाईंनी नानांना हाक मारली. दोघे गुरुजींच्या घरी गेले. घरची मंडळी लग्नाला परगावी गेली होती. दार आतून लोटलेले होते. गुरुजी अंथरुणात तापाने फणफणले होते; रात्री पाणी घ्यावयास उठताना त्यांना भोवळ आली होती, आणि त्यानंतर ते उठलेच नव्हते.

बाईंनी ताप पाहिला, कपाळावर ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्या आणि नानांना गाडी आणावयास पाठविले. गाडी येईपर्यंत त्या मागच्या अंगणात गेल्या, पर्जन्यमापकातील पाणी त्यांनी डोळ्यांच्या रेषेत धरून मोजले व वहीत लिहिले. मग तिघांच्या भ्रमणध्वनीवर निरोप गेला : 'न्हावरे 6. गुरुजींना ताप. दवाखान्यात नेत आहोत.'

गुरुजी सहाव्या दिवशी घरी आले. चहा घेण्याआधी त्यांनी वही मागितली. पाच दिवसांचे अक्षर निराळे होते : 6, 0, 0, 11, 0. त्यांनी चष्मा लावून ते आकडे दोनदा वाचले.

"हे 11, बाई, साडेआठलाच घेतले ना?"

"आठ एकतीसला," नर्सबाई ओट्यावरून म्हणाल्या. "घेवडा तोडीत होते."