पाठीचे दुखणे अंगावर काढू नका

कष्ट करणाऱ्या माणसाची पाठ दुखतेच. दिवसभर वाकून भांगलण केली, पोती उचलली, की रात्री पाठ ठणकते. शेक घेतला, दोन-चार दिवस विसावा घेतला, की ती थांबते. हे दुखणे साधे. पण एक दुखणे असे आहे, की ते विसाव्याने थांबत नाही. ते आतून हाड खाते. त्याचे नाव मणक्याचा क्षय. आजचा धडा त्याविषयी आहे.

आधी माझी एक चूक सांगतो.

२०११ सालची गोष्ट. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. सातवीच्या वर्गात एका मुलाला मी खाली पडलेला खडू उचलायला सांगितले. तो वाकला नाही. पाठ ताठ ठेवून, एक हात मांडीवर टेकून तो हळूच उकिडवा बसला आणि खडू उचलला. पोरे हसली. मला वाटले, हा नाटक करतोय. मी रागावलो, "म्हाताऱ्यासारखा काय बसतोस रे? नीट वाक की!"

तो म्हणाला, "गुरुजी, वाकवत नाही."

मी ते मनावर घेतले नाही.

घरी आईला वाटले, उसण भरली असेल. तिने पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतला. मग तेल चोळले. मग बिब्बा घातला. असे पाच महिने गेले. पोराला संध्याकाळी बारीक ताप येई. जेवण तुटले. रात्री झोपेत तो ओरडून उठे. पाठीच्या मधोमध उंचवटा दिसू लागला. एक दिवस शाळेची पायरी चढताना त्याचे पाय लटपटले. तो खाली बसला, तो उठेच ना.

आम्ही त्याला जिल्ह्याच्या गावी नेले. तिथले डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, मूल वाकत नाही, बसून वस्तू उचलते, ही या रोगाची जुनी खूण आहे. तेव्हाच आणायला हवे होते."

मला काय बोलावे ते सुचेना.

हा रोग कसा होतो?

आपला कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. मणक्यांच्या मागच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. मेंदूचा हुकूम पायांपर्यंत पोचवणारी ही दोरीच समजा.

क्षयाचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरतात. तिथून ते रक्तावाटे कधी कधी मणक्यात जाऊन बसतात. शेजारशेजारचे दोन मणके हळूहळू पोखरले जातात. पुढची बाजू ढासळली, की पाठीला कुबड येते. आत पू साचतो. हे गळू तापत नाही, लाल होत नाही, म्हणून त्याला थंड गळू म्हणतात. कधी ते खाली उतरून जांघेत दिसते. पू किंवा ढासळलेले हाड मज्जारज्जूवर दाबले, की पायांतली शक्ती जाते.

१७७९ साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी हे कुबड आणि हा लुळेपणा यांचे वर्णन लिहिले. पण कारण त्यांना ठाऊक नव्हते. ते जंतू १८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी दाखवून दिले. म्हणजे हा कोणाचा शाप नाही, की करणी नाही. हा जंतूंचा रोग आहे, आणि जंतूंवर औषध आहे.

कधी सावध व्हावे?

पाठ तीन-चार आठवडे सतत दुखते. विसावा घेऊनही थांबत नाही. रात्री जास्त दुखते. संध्याकाळी ताप येतो. भूक मरते, वजन घटते. यांतले काही दिसले तर चोळायचे नाही, तुडवायचे नाही, डाग द्यायचा नाही. सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

पायांना मुंग्या येतात, पाय जड होतात, लघवीवरचा ताबा जातो, तर उद्यावर टाकू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. खोकला नाही म्हणून क्षय नाही, असे समजू नका. या रोगात पुष्कळांना खोकला नसतो.

तपासणी कशी होते?

रक्त तपासले, की आत सूज आहे एवढे कळते. रोगाचे नाव कळत नाही. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काही दिसेलच असे नाही. एमआरआय नावाच्या तपासणीत बिघाड लवकर दिसतो. मग सुई घालून मणक्यातला पू किंवा तुकडा काढतात. त्याची सीबीनॅट तपासणी करतात. क्षयाचे जंतू आहेत का आणि रिफाम्पिसीन हे मुख्य औषध त्यांना लागू पडेल का, हे त्यातून सुमारे दोन तासांत कळते.

एवढा खटाटोप का? कारण मणक्यात दुसरे जंतूही शिरतात. फोडात पू करणारे जंतू तिथे जातात. आजारी जनावराचे दूध न तापवता प्यायल्यानेही एक ताप येतो, तो मणक्यात उतरतो. त्यांची औषधे निराळी. चोर ओळखल्यावाचून पकडायचा कसा?

उपचार

नेहमीच्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधे देतात, पुढे तीन. मणक्याच्या क्षयाला बहुधा बारा महिने औषध लागते. गरज पडली तर डॉक्टर मुदत वाढवतात. ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. चांगले खाता यावे म्हणून रोग्याच्या बँक खात्यात नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये देण्याची सरकारी योजना आहे. दवाखान्यात नाव नोंदवताना त्याची चौकशी करावी.

औषधाने लघवी नारिंगी होते. घाबरू नये. मात्र डोळे पिवळे झाले, अंधुक दिसू लागले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते. माणसाला वाटते, झालो बरा. इथेच घात होतो. औषध सोडले, की उरलेले जंतू पुन्हा उठतात आणि मग जुन्या औषधाला दाद देत नाहीत.

पुष्कळांना शस्त्रक्रिया लागत नाही. मज्जारज्जूवर दाब वाढला किंवा कणा डळमळला, तरच ती करतात. पूर्वी रोग्याला महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये निजवून ठेवत. आता बहुतेक जण पट्टा लावून, हिंडत-फिरत बरे होतात.

नुसत्या मणक्याच्या क्षयाची लागण दुसऱ्याला होत नाही. म्हणून रोग्याचे ताट वेगळे करू नका, सुनेला माहेरी धाडू नका. फुप्फुसात क्षय आहे का, तेवढे मात्र तपासून घ्या. तो खोकल्यावाटे पसरतो.

तो मुलगा? त्याची शस्त्रक्रिया झाली. आईने एक दिवसही गोळी चुकू दिली नाही. आज तो चालतो. सायकल दुरुस्तीचे दुकान चालवतो. कुबड मात्र राहिले. पाच महिने आधी नेला असता, तर कदाचित तेही राहिले नसते. दुकानावरून जाताना तो हाक मारतो, "गुरुजी, चहा घ्या." मी चहा घेतो, आणि दर वेळी तो खडू आठवतो.

उत्तरे सांगा

१. साधी पाठदुखी आणि मणक्याचा क्षय यांत काय फरक आहे?
२. पाय जड झाले तर काय करावे?
३. बरे वाटू लागले तरी औषध का सोडू नये?
४. तुमच्या घरी कोणाची पाठ महिनाभर दुखते आहे काय? त्याला केव्हा तपासून आणाल?