कॅमेरा आहे, पण चित्र नाही : दोष कसा शोधावा

दसऱ्याच्या सुमारास नांदेड व लातूर जिल्ह्यांतील शिवारांत सोयाबीनची कापणी उरकते आणि मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत माल बनीम लावून रानातच ठेवावा लागतो. वर्षाची मिळकत अशी उघड्यावर असते. तिच्या राखणीसाठी, तसेच गोदाकाठच्या मोटारी, विहिरीवरील केबल व अर्धापूरकडील केळीच्या बागा यांवर नजर राहावी म्हणून पुष्कळ शेतकरी आता आखाड्यावर कॅमेरा बसवितात. परंतु कॅमेरा बसविला म्हणजे राखण झाली असे नव्हे. ज्या रात्री गरज पडावी त्याच रात्री पडदा काळा राहतो, आणि सकाळी नवा कॅमेरा आणण्याची घाई होते. वास्तविक अशा प्रसंगी पुष्कळदा कॅमेरा निर्दोष असतो. दोष वाटेत असतो.

विहिरीचे पाणी शेवटच्या सरीत पोचले नाही, तर जाणता शेतकरी लगेच मोटार खोलीत नाही. तो पाटाने चालत जाऊन पाणी कोठपर्यंत आले ते पाहतो. येथेही तोच मार्ग आहे. वीज कॅमेऱ्यात येते, चित्र तारेने राउटरकडे व तेथून रेकॉर्डरकडे जाते, आणि शेवटी इंटरनेटवरून मोबाइलवर उमटते. यांपैकी कोणता टप्पा तुटला, एवढेच शोधावयाचे असते.

प्रथम ‘चित्र दिसत नाही’ याचा नेमका अर्थ ठरवावा. रेकॉर्डरला जोडलेल्या पडद्यावर चित्र आहे, पण मोबाइलवर नाही, तर कॅमेऱ्याला हात लावण्याचे कारण नाही. दोष इंटरनेटमध्ये किंवा मोबाइलमध्ये आहे. सर्वच कॅमेरे एकदम गेले असतील तर त्यांना समाईक असलेली वस्तू, म्हणजे वीजपुरवठा, राउटर किंवा रेकॉर्डर तपासावा. एकच गेला असेल तर त्याचीच तार व त्याचाच पुरवठा पाहावा. पडदा काळा आहे, पण कोपऱ्यात कॅमेऱ्याने टाकलेली तारीख व वेळ पुढे सरकत आहे, असे दिसले तर कॅमेरा जिवंत आहे व वाटही मोकळी आहे. मग भिंगावरील धूळ, कोळ्याचे जाळे किंवा रात्रीचा दिवा याच बाबी उरतात.

त्यानंतर विजेकडे वळावे. दिवसा चित्र उत्तम आणि अंधार पडताच ते नाहीसे, ही तक्रार फार बोलकी आहे. रात्री कॅमेऱ्यातील अवरक्त दिवे लागतात व त्याची विजेची भूक वाढते. समजा, रेणापूर तालुक्यातील एका आखाड्यावर १२ व्होल्टचा कॅमेरा ६० मीटर दूरच्या खांबावर आहे, तार तांब्याची पण अर्धा चौरस मिलिमीटर जाडीचीच आहे, आणि रात्री कॅमेऱ्यास १० वॅट लागतात. जाण्या-येण्याची मिळून १२० मीटर तार होते व तिच्यातच सुमारे साडेतीन व्होल्ट खर्ची पडतात. कॅमेऱ्याच्या तोंडी साडेआठ व्होल्टच्या आसपास उरतात. इतक्यावर तो बहुधा चालत नाही. बंद पडतो, भार उतरताच पुन्हा सुरू होतो, दिवे लावताच पुन्हा बंद पडतो. मालकाला मात्र कॅमेरा बिघडला असे वाटते. मीटरने व्होल्ट मोजावयाचे ते रात्री, कॅमेरा चालू असताना आणि कॅमेऱ्याच्या टोकाशी. दिवसा आखाड्यात मोजलेले १२ व्होल्ट काहीच सांगत नाहीत. याच ठिकाणी अडीच चौरस मिलिमीटरची तार घातल्यास तूट पाऊण व्होल्टवर येते. दुसरा उपाय म्हणजे नेटवर्कच्या तारेतूनच सुमारे ४८ व्होल्टांनी वीज देणारा स्विच वापरणे. परंतु कॅमेरा त्या पद्धतीचा असावा लागतो आणि तारेची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी लागते. २३० व्होल्टचे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

आपल्या काळ्या जमिनीचा एक गुण येथे नडतो. उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि नळीविना पुरलेली तार ओढली जाऊन आतून तुटते. वरून ती धडधाकट दिसते. उंदीर व खारी यांचे दात वेगळेच. संशय आल्यास कॅमेरा खाली उतरवून राउटरजवळ हातभर लांबीच्या चांगल्या तारेने जोडावा. तेथे चित्र आले तर कॅमेरा ठीक, लांब तार दोषी. पावसाळी हवा असताना व विजा चमकत असताना खांबावर चढू नये. चित्र एक दिवस नसले तरी चालेल.

वीज जाऊन आल्यावर एक कॅमेरा नाहीसा होतो, हा प्रकार निराळा आहे. जाळ्यातील प्रत्येक उपकरणास १९२.१६८.१.२० यासारखा घरक्रमांक असतो व तो सामान्यतः राउटर वाटतो. वीज परत येताच क्रमांक नव्याने वाटले जातात, कॅमेऱ्यास दुसरा क्रमांक मिळतो आणि रेकॉर्डर जुन्याच दारावर हाका मारीत बसतो. दोन कॅमेऱ्यांस एकच क्रमांक दिला गेला तर ते आळीपाळीने दिसतात व लपतात. प्रत्येक कॅमेऱ्यास राउटरच्या वाटपाबाहेरचा कायम क्रमांक द्यावा आणि तो पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावा. जेथे वीज पाळीने मिळते तेथे हे काम बसवितानाच झालेले बरे.

सिमकार्डावर चालणाऱ्या कॅमेऱ्याचे दुखणे साधे असते. सेकंदास एक मेगाबिट या दराने चित्र पाठविल्यास तासाला सुमारे ४५० मेगाबाइट खर्च होतात. रोजचा दीड गिगाबाइटचा शिधा सव्वातीन तासांत संपतो. सकाळी दिसणारे शेत सायंकाळी दिसत नसेल, तर प्रथम रिचार्ज पाहावा.

रेकॉर्डर जुना व कॅमेरा नवा असल्यास नाव दिसते, चित्र मात्र येत नाही. कॅमेऱ्याच्या मांडणीत एच. २६५ ऐवजी एच. २६४ निवडून पाहावे. सांकेतिक शब्द बदलला असेल तर तो रेकॉर्डरमध्येही बदलावा लागतो. या त्रासाला कंटाळून काही जण कारखान्याचाच मूळ शब्द कायम ठेवतात. हे घातक आहे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रणालीने जगभरचे असेच असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

मूळ स्थितीवर आणणारे बटण शेवटी दाबावे, कारण त्याने क्रमांक व शब्द पुसले जातात आणि मूळ दोष झाकला जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास आणखी एक सवय लावावी: आठवड्यातून एकदा चालू चित्रच नव्हे, तर मागील रात्रीचे मुद्रण चालवून पाहणे. चित्र दिसत असूनही डिस्क नादुरुस्त असल्याने काहीच साठत नाही, असे घडू शकते.

चोरी झाल्यावर तर रेकॉर्डरवर प्रयोग करूच नयेत. डिस्क ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना पडद्यावर आली तरी ती स्वीकारू नये. तसे केल्यास पुरावाच जातो. रेकॉर्डरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मागे-पुढे आहे ते टिपून ठेवावे, पोलिसांस कळवावे आणि प्रत त्यांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ते कोणी व कसे द्यावयाचे, हे पोलीस ठाण्यातच विचारून घ्यावे.