दिल्ली–टोकियो : अंतर, घड्याळ आणि पश्चिमी वारे

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरून रात्री ८ वाजता निघालेले विमान टोकियोला तेथील घड्याळानुसार सकाळी ७ वाजता पोहोचते. परतीचे विमान टोकियोहून सकाळी ११.३० वाजता निघून दिल्लीत सायंकाळी ५.३० वाजता उतरते, असे समजू. वरवर पाहता जाण्यास ११ आणि येण्यास ६ तास लागले. घाईत असलेला विद्यार्थी हेच उत्तर लिहून मोकळा होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

भारतीय प्रमाणवेळ ८२° ३०' पूर्व, तर जपानची १३५° पूर्व रेखावृत्तावरून ठरते. फरक ५२° ३०'. दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणून जातानाच्या ११ तासांतून साडेतीन तास वजा करावे लागतात आणि येतानाच्या ६ तासांत तेवढेच मिळवावे लागतात. प्रत्यक्ष प्रवास अनुक्रमे साडेसात व साडेनऊ तासांचा ठरतो.

अंतर तर दोन्ही वेळी जवळपास सारखेच. पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजेच बृहद्वृत्त, या दोन शहरांमध्ये सुमारे ५,८५० किलोमीटरचा आहे. तो हिमालय व तिबेटच्या पठारावरून जातो. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास वैमानिकाला सुमारे ३ किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटरच्या आसपास! त्यामुळे विमाने सहसा दक्षिणेकडून, म्यानमार व चीनच्या युन्नान प्रांतावरून वळसा घेतात.

मग दोन तासांचा फरक कोठून येतो? उत्तर हवेत आहे. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून उपोष्ण पश्चिमी जेट प्रवाह वाहतो. दिल्ली, हरियाणा व पंजाबात गव्हाला उपकारक ठरणारा हिवाळी पाऊस आणणारे पश्चिमी विक्षोभ याच पश्चिमी वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकतात. हा प्रवाह पुढे जपानवर विशेष प्रबळ होतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तेथील उच्चस्तरीय वारे मोजले होते. परंतु त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत प्रसिद्ध केला आणि जगाचे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. १९४४ मध्ये जपानवर चालून गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना या वाऱ्यांनी चांगलेच गोंधळात टाकले.

एक सोपे गणित करून पाहावे. मार्ग ६,००० किलोमीटर, हवेच्या सापेक्ष विमानाचा वेग ताशी ८५० आणि वाऱ्याचा ताशी १०० किलोमीटर धरू. जाताना वेग ९५० होऊन ६ तास १९ मिनिटे लागतील. येताना ७५० होऊन ८ तास. एकूण १४ तास १९ मिनिटे. वारा नसता तर हीच फेरी सुमारे १४ तास ७ मिनिटांत झाली असती. जाताना वाचलेला वेळ येताना व्याजासह फेडावा लागतो, कारण विरोधी वाऱ्यात विमान अधिक काळ राहते. हे अधिकचे इंधन विमान कंपनीच्या खर्चात जमा होते.

मोसमी पावसाच्या आगमनाच्या सुमारास हा जेट प्रवाह हिमालयाच्या उत्तरेस सरकतो. तेव्हा दोन्ही दिशांच्या प्रवासकाळातील तफावतही कमी होते.